हवेतलं अस्वल

"आता आलं हसू?"

तिता लुदिंग जेवणाच्या टेबलावर उभी होती. पोटाला उशी बांधलेली, कारण अस्वलाला पोट असतं. हातात रिकामी ताटली, कारण अस्वलानं केक चोरलेला असतो. मी खाली फरशीवर मांडी घालून बसले होते. मी परीक्षक.

"नाही," मी म्हटलं.

"थोडंसुद्धा नाही?"

"उशी बांधत होतीस तेव्हा आलं होतं. उडी मारलीस आणि गेलं."

तिनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा उडी मारली. धप्प! कपाटातल्या बशा खणाणल्या. मागच्या अंगणातून लोला, म्हणजे माझी आजी, ओरडली, "लुदिंग! चाळिशी उलटलेल्या बाईनं टेबलावरून उड्या मारायच्या नसतात गं! तंगडी मोडली तर हाँगकाँगवालेही घ्यायचे नाहीत तुला!"

हाँगकाँगचं नाव निघालं आणि तिताचं अस्वल संपलं. उशी सोडली, टेबल पुसलं, ताटली जागेवर ठेवली. मला लोलाचा असा राग आला! म्हातारी माणसं अचूक नको तिथेच बोट ठेवतात.

तिता म्हणजे मावशी; तिता लुदिंग माझ्या आईची धाकटी बहीण. मी जन्मायच्या आधीपासून ती क्वेझोन सिटीतल्या एका कार्टून कंपनीत चित्रं काढते. गोष्टी अमेरिकेतून येतात आणि कार्टून होऊन अमेरिकेत परत जातात. अस्वल, केक, धडामधूम, सगळं आमच्या माणसांच्या हातून निघतं. कंपनीत दोन जातींची माणसं असतात, टोकवाली आणि मधली. टोकवाला अस्वलाचं पहिलं चित्र काढतो, पाय उचललेला. मग शेवटचं काढतो, पाय टेकलेला. आणि कागदाच्या कडेला एक छोटीशी शिडी आखून देतो. शिडीला जितक्या पायऱ्या, तितकी चित्रं मधल्यांनी भरायची. पाय थोडा खाली, अजून थोडा खाली, अजून थोडा. तिता मधली होती. तिनं भरलेलं अस्वल असं चालायचं की लोण्यातून सुरी फिरावी. नवीन मुलींना तिची चित्रं दाखवून सांगत, बघा, दोन चित्रांच्या मधली फट दिसते का कुठे? नाही दिसत. तिता फट राहूच द्यायची नाही.

घरातही तिचं तेच. आई आणि लोला यांच्या भांडणात मधे तिता. बाबा जहाजावर असतात, तर बाबांच्या दोन सुट्ट्यांमधे आम्हाला सांभाळणारी तिता. आईचं शिवणाचं दुकान संध्याकाळपर्यंत चालतं, तर शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत मला भात वाढणारी आणि माझी बडबड ऐकणारी तिता.

बडबड मी हल्लीच सुरू केली आहे, बरं का. गेल्या वर्षापर्यंत वर्गात माझं नाव पुकारलं तरी "हजर" माझ्या वतीनं शेजारची मुलगी म्हणायची. माझं नावच मायुमी, म्हणजे शांत, शालीन. मग वक्तृत्व स्पर्धेत एक मुलगी आजारी पडली म्हणून बाईंनी मला ढकललं, आणि मी जी सुटले ती अजून थांबलेली नाही. लोला म्हणते, नाव बदलून घे पोरी, हे खोटं पडतंय.

तर, टोकाची एक जागा रिकामी झाली होती. तो माणूस सिंगापूरला गेला. ज्यांना ती हवी त्या सगळ्यांना एकच प्रसंग काढायला दिला होता: अस्वल केक चोरून पळतं, कड्याच्या पुढे जातं, पडतं. खाली मोठ्या साहेबांनी, सर आतोंग यांनी, एवढंच लिहिलं होतं, 'हसवा.' पुढच्या शनिवारी सगळ्यांची अस्वलं पडद्यावर दाखवणार होते. मधल्यांची कामं कमी होत चालली होती. रोज अर्धा दिवस वीज नसायची, आणि अमेरिकेची कामं दुसऱ्या देशांत जात होती. म्हणून तितानं एजन्सीत नाव घातलं होतं. हाँगकाँगमधलं एक कुटुंब, दोन लहान मुलं, घरकाम. कागद आले होते, सही तेवढी बाकी होती.

"शनिवार होऊ दे," तिता म्हणाली होती. "जागा मिळाली तर राहीन. नाही मिळाली तर सही करीन."

आता सांगा, मी परीक्षक झाले नसते तर काय झालं असतं?

"दाखव तरी," मी म्हटलं.

तितानं कागदांची चवड आणली, एका हातानं कडा धरली आणि अंगठ्यानं भराभर सोडली. अस्वल पळालं, कड्याच्या पुढे गेलं, पाय खाली वळले, पोट खाली वळलं, आणि ते छान, सावकाश, अगदी नीटनेटकं खाली गेलं. पिकलेला आंबा पडावा तसं.

मी हसायचा खूप प्रयत्न केला. गालसुद्धा वर ओढले.

"राहू दे," तिता म्हणाली. "दात दिसतायत नुसते."

"नाक मोठं कर त्याचं."

"केलं होतं कालच."

"खाली निवडुंग ठेव. नाहीतर मगर. नाहीतर निवडुंग आणि मगर!"

"मायुमी, मगरीला हसतील ते. अस्वलाला नाही हसणार."

मागच्या दारातून लोला आत आली. हातात सुक्या मासळीची टोपली. तिनं चवडीकडे बघितलंही नाही, पण कान तिचे तिथेच होते. "तुझा बाप पडला होता," ती तिताला म्हणाली, "लग्नाच्या दिवशी. चर्चच्या पायऱ्यांवर. सगळं गाव हसलं."

"धाडकन पडले?" मी विचारलं.

"धाडकन तर रोजच कुणी ना कुणी पडतं. त्याला कोण हसतं? पाय निसटला आणि त्यानं काय करावं? टोपी सावरली! पाय गेले वर, आणि हा आपला टोपी सरळ करतोय." लोला टोपली खाली ठेवून हसायला लागली. इतक्या वर्षांनी! डोळे पुसत म्हणाली, "मेला."

तितानं वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही टोपी सरळ होती. पण तेव्हा तिला काही सुचलं नाही. मलाही नाही. खोटं कशाला सांगू?

त्या संध्याकाळी आईनं माझी खेळाच्या तासाची पँट बघितली आणि कपाळावर हात मारला. घोट्याच्या चार बोटं वर. "बितिन!" आई म्हणाली. "एका पावसाळ्यात पोरगी बांबूसारखी वाढली. आता हिला कापड कुठून जोडू?"

आमच्याकडे 'बितिन' दिवसातून दहादा ऐकू येतं. आखूड पँट बितिन. ताटातलं संपलं आणि भूक उरली, तर बितिन. मालिका ऐन रंगात आली आणि वीज गेली, की सगळी गल्ली एका सुरात ओरडते, बिति-ऽऽ-न! मूळ अर्थ टांगलेलं, लटकलेलं. शेजारची आलिंग चारिंग, म्हणजे चारिंगकाकू, तितालासुद्धा तेच म्हणायची, तोंडावर नाही, कुंपणाआडून. कारण तिताचं लग्न ठरलं होतं, तो माणूस सौदीला गेला आणि तिकडचाच झाला. "बिचारी, बितिन राहिली गं."

मला तेव्हा वाटायचं, जाऊन त्या कुंपणावर बादलीभर पाणी ओतावं.

रविवारी आमच्या वस्तीच्या संताचा उत्सव होता. गल्लीभर कागदी पताका, घराघरात भाजलेल्या डुकराचा वास, कोपऱ्यावर बँड. आणि विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत तो बांबू! दोन मजली उंच, खालपासून वरपर्यंत डुकराची चरबी चोपडलेला, टोकाला छोटं निशाण, बुडाशी वाळूचा ढीग. वर चढून निशाण काढायचं. पोरं चढत होती आणि घसरत होती, सदरे चरबीनं चकाकत होते.

मी रांगेत उभी राहिले. कार्दोकाका, आमच्या भाषेत मांग कार्दो, चरबीचा डबा घेऊन देखरेख करत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कुठे? मुली नाही चढत."

"कुठे लिहिलंय, मांग कार्दो?"

"लिहायला कशाला पाहिजे? कधी चढल्याच नाहीत."

"मग आज चढतील. तुम्ही चरबी चोपडा."

सगळे हसले. मांग कार्दोंनी डोकं खाजवलं आणि बाजूला झाले. माझा हिशेब सरळ होता: एवढ्या पोरांनी सदऱ्यांनी पुसून पुसून बांबूची निम्मी चरबी कमी केली होती. मी चुलीतली राख खिशात भरून आणली होती. आणि माझी पँट बितिन होती, त्यामुळे घोट्यांना बांबू नीट धरता येत होता. कधी नव्हे ते आखूड कापड कामी आलं.

मी चढले! खरंच चढले. हात, पाय, राख; हात, पाय, राख. खालून आधी थट्टा येत होती, "अगं खाली ये, तुझी आई रडतेय!" मग ती थांबली. मग गल्ली माझं नाव घ्यायला लागली, मा-यु-मी, मा-यु-मी! बँडवाल्यानं ढोल धरला. निशाण एक वीत वर होतं. मी हात सोडला, ताणला, आणि बोटाचं टोक कापडाला लागलं.

तेव्हाच मला कळलं की माझे पाय आता बांबूवर नाहीत.

म्हणजे पाय तिथेच होते, पण त्यांची बांबूशी ओळख तुटली होती. आणि गंमत अशी की मी पडले नाही. क्षणभर काहीच झालं नाही. ढोल थांबला. मी खाली बघितलं. सगळी गल्ली तोंड वर करून बघत होती, आणि त्या प्रत्येक चेहऱ्यावर लिहिलं होतं की ही आता पडणार. त्यांना माझ्याआधी कळलं होतं! गर्दीत तिता दिसली, तोंड उघडं, हातात काडीवरचं भाजलेलं केळं. आणि मी काय करावं? मी रिकाम्या हातानं कपाळावरचे केस कानामागे सारले. नीट. आणि हसले, जणू वर मला जरा काम होतं आणि आता ते झालं.

आणि मग मी वर नव्हते, खाली होते.

मधलं मला काहीच आठवत नाही. वाळूत बसले होते, कोपरापासून टाचेपर्यंत चरबी, आणि गल्ली! तसं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं. मांग कार्दोंच्या हातातून डबा पडला. आलिंग चारिंग कुंपणाला धरून खाली बसली. पण हसता हसताच पंधरावीस हात पुढे आले, मला उचलायला, वाळू झटकायला, "लागलं का गं?" विचारायला. आमच्याकडे हसणं आणि उचलणं एकदमच होतं. जो हसतो त्यानं हात द्यायचा.

तिता मात्र हसली नाही. ती गर्दी कापत आली, माझे खांदे धरले. मला वाटलं, आता रडणार.

"केस का मागे घेतलेस?"

"काय?"

"पडताना. केस का मागे घेतलेस?"

"मला काय माहीत! सगळे बघत होते ना."

"सगळे बघत होते," ती म्हणाली. "बाबांनी टोपी..." आणि मग तिला हसू फुटलं. इतकं फुटलं की ती भर रस्त्यात बसली, उत्सवाच्या नव्या झग्यात, केळं छातीशी धरून, आणि "बितिन! बितिन!" म्हणत राहिली. आलिंग चारिंगनं दुसरीकडे बघितलं.

घरी आलो तर वीज नाही. तिता ज्या काचेवर कागद ठेवून चित्रं काढायची, तिच्याखालचा दिवा मेलेला. पण तिला थांबायचं नव्हतं. तिनं कपाटाच्या दाराची काच काढली, मला खिडकीपाशी उभं केलं आणि काच माझ्या हातात दिली. काचेवर कागद, मागून दुपारचं ऊन. अजून माझ्या केसांना चरबी होती. हात दुखत होते, पण मी हलले नाही. परीक्षकापासून टेबलापर्यंत माझी बढती झाली होती.

अस्वल कड्याच्या पुढे गेलं. अस्वल थांबलं. अस्वलानं खाली बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मग एका पंज्यानं दोन कानांच्या मधले केस नीट केले. दुसऱ्या पंज्यात केक, अगदी सरळ. आणि मग खाली.

तितानं चवड सोडली. मी बघितलं. केसांपाशी मला हसू येत होतं, अगदी ओठांवर आलं होतं, आणि मग अस्वल पडायला लागलं आणि ते परत गेलं.

"काय झालं?"

"पुन्हा आंबा झाला, तिता."

तिनं पडण्याची चित्रं एकेक करून बघितली. पोट जरा खाली, अजून जरा खाली, कान वाऱ्यानं वर, अजून वर. सुंदर होती. एका चित्रातला केक दुसऱ्या चित्रात वितळल्यासारखा जात होता.

"मी अशी पडले का?" मी विचारलं. "मी वर होते, आणि मग नव्हते."

"मध्ये काहीतरी असणारच ना गं."

"तुला दिसलं?"

तिता थांबली. डोळे मिटले, बहुतेक बांबू डोळ्यांपुढे आणला. "नाही," ती म्हणाली. "नाही दिसलं." मग हातातल्या चित्रांकडे बघत म्हणाली, "मग हे मी काय काढलंय?"

मी काच आणखी सरळ धरली.

तिनं मधली चित्रं उचलून बाजूला ठेवली. हवेतल्या अस्वलानंतर एकदम खाली धुळीचा ढग, आणि मध्ये फक्त केकचा एक तुकडा, हवेतच राहिलेला. पेन्सिल पुन्हा आपोआप कोऱ्या कागदाकडे गेली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि स्वतःलाच म्हणाली, "नको. नको गं बाई. राहू दे फट."

"दुखतंय का, तिता?"

"माझी सगळ्यात चांगली चित्रं आहेत ती, मायुमी."

"माहीत आहे."

लोला आली, बाजूची चित्रं उचलली, वरखाली बघितली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. ती खुर्चीत बसली आणि त्यांनीच वारा घ्यायला लागली. "वीज नाही तर काय करू?" ती म्हणाली. "छान जाड कागद आहे."

तिता हसली. मग म्हणाली, "आता हवेत किती वेळ ठेवायचं ते सांग. मी अंगठा दाबून धरते, तू श्वास रोखून धर. आता नाही धरवत असं झालं की खूण कर."

पहिल्यांदा मी फार लवकर खूण केली. दुसऱ्यांदा इतका उशीर की काच पडता पडता राहिली. तिसऱ्या वेळी श्वास आणि हसू दोन्ही एकदम सुटलं, आणि खुर्चीतून लोलाचंही. तितानं तिथे कागदाच्या कडेला पेन्सिलीनं एक रेघ मारली.

शनिवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. पण लोलानं टोपलीभर पन्सित करून दिलं होतं. शुभ दिवशी लांब शेवया खाल्ल्या पाहिजेत, न तोडता. आणि ते कुणीतरी पोचवायला हवं होतं ना? दारावरच्या माणसाला मी सांगितलं, "लुदिंगची भाची, खाऊ घेऊन." टोपलीचा वास घेऊन तो बाजूला झाला.

आतली खोली गच्च भरली होती. टोकवाले पुढे खुर्च्यांवर, मधले मागे उभे. तिता भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागे. सर आतोंग पडद्याजवळच्या स्टुलावर, गालात पेपरमिंटची गोळी. त्यांच्याबद्दल तिता म्हणायची की आयुष्यभर विनोद तपासून तपासून त्यांचं हसू घट्ट्यासारखं झालंय, आता टोचत नाही.

एकाचं अस्वल दगडावर आपटून चपटं झालं. खोली थोडी हसली. एकाचं फुटलं, भोवती तारे फिरले. खोली अजून थोडी हसली. सर आतोंगनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"लुदिविना," ते म्हणाले. तिताचं हे पूर्ण नाव.

अस्वल आलं. नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, ना रंग, ना आवाज. ते पळालं, कड्याच्या पुढे गेलं आणि थांबलं. खाली बघितलं. आमच्याकडे बघितलं. पंजा वर गेला, केस नीट केले. केक सरळ. मागच्या रांगेत कुणीतरी नाकातून फुर्र केलं. अस्वल तसंच, हवेत. मी श्वास रोखून धरला होता...

आणि वीज गेली.

पडदा काळा. पंखे घरघरत थांबले. अंधारात पूर्ण खोली एका तोंडानं ओरडली, "बिति-ऽऽ-न!" आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

मी मात्र टोपली घट्ट धरली. एवढं सगळं करून! मला आठवला तो सहीचा कागद, लोलाच्या बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलेला. खिडक्यांना काळे पडदे होते, काही दिसत नव्हतं. सर आतोंगचा आवाज आला, "जनरेटरला वेळ लागेल. ज्याला जायचंय त्यानं जा. शनिवार आहे, घरी जा."

कुणी हललं नाही. खुर्ची वाजली नाही, दार वाजलं नाही.

"सर, ते अस्वल हवेत आहे," कुणीतरी म्हणालं.

"असं कसं जायचं?" दुसरं कुणीतरी.

"लुदिंग, पडतं का गं ते?"

"केक वाचतो का?"

मग भिंतीकडून तिताचा आवाज आला. एवढी वर्षं मी तो आवाज ओळखते. भांडणं मिटवणारा, भात वाढणारा, 'राहू दे' म्हणणारा आवाज. पण त्या दिवशी त्यात काहीतरी नवीन होतं, खट्याळ.

"वीज आली की बघा ना," ती म्हणाली.

खोली विव्हळली. "ए लुदिंग! छळू नकोस!" आणि त्या अंधारात मला कळलं, अगदी पक्कं कळलं, की ती कुठेही जात नाही.

मी पन्सितची टोपली फिरवली. सगळ्यांनी अंधारात हातानं खाल्लं. शेवया तोडल्या की नाही, देव जाणे. जनरेटर खोकला, पुन्हा खोकला, आणि दिवे लागले. यंत्र पहिल्यापासून लावावं लागलं. आणि या वेळी अस्वल पळायला लागलं तेव्हाच लोक हसायला लागले! अजून कडा यायचा होता! कडा आला तेव्हा पुढच्या खुर्च्या हलत होत्या. अस्वलानं केस नीट केले तेव्हा कुणीतरी "नको, नको" म्हणत डोळे झाकले. आणि मग अस्वल नव्हतं. नुसता केकचा तुकडा, हवेत.

सर आतोंगच्या तोंडातून गोळी बाहेर पडली. टप्. ती घरंगळत तिताच्या पायापाशी आली. त्यांनी तोंडावर हात धरला, मग हात काढून आधी सदऱ्याची कॉलर सारखी केली. झालं! त्यावर खोली जितकी हसली तितकी अस्वलालाही हसली नव्हती.

तिता पडद्याकडे बघतच नव्हती. ती माणसांकडे बघत होती.

एजन्सीचा कागद अजून डब्याखाली आहे. लोला म्हणते, बिस्किटांना मुंग्या लागत नाहीत त्यामुळे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी तिताच्या नव्या जागेवर गेले. खिडकीजवळचं टेबल. पण ती तिथे नव्हती. ती मागे, मधल्यांच्या रांगेत, आपल्या जुन्या काचेपाशी उभी होती. काचेची कड एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती, तिच्या मनगटाच्या मापाची. तिथे आता एक नवीन मुलगी बसली होती, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. तितानं तिला आपली चित्रं दिली होती, पहिल्यांदाच स्वतः आखलेली शिडी कडेला. मुलगी शिडीच्या पायऱ्या बोटानं मोजत एका जागी अडली.

"तिता, इथे काहीच आखलेलं नाही. राहिलंय का तुमचं?"

तितानं वाकून बघितलं. तिचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला, आणि मग काचेच्या त्या झिजलेल्या कडेवर टेकला.

"नाही गं," ती म्हणाली. "तिथे अस्वल हवेत आहे. राहू दे त्याला थोडा वेळ."